पाइप कोणता, हे जमीन ठरवते

जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी श्टाउफेन नावाचे सुमारे आठ हजार वस्तीचे जुने गाव आहे. २००७ मध्ये तिथल्या नगरपालिकेने आपल्या ऐतिहासिक इमारतीचे नूतनीकरण हाती घेतले. इमारत उबदार ठेवण्यासाठी तेल किंवा गॅस जाळण्याऐवजी जमिनीतली ऊब वापरायची, असेही ठरले. सप्टेंबरमध्ये इमारतीमागे प्रत्येकी १४० मीटर खोल अशा सात बोअर घेतल्या गेल्या आणि त्यांत पाइप सोडले गेले. थोड्याच काळात नगरपालिकेच्या आणि आसपासच्या घरांच्या भिंतींना बारीक तडे दिसू लागले. तडे रुंदावत गेले. मोजणी झाली तेव्हा कळले, की जमीन खचत नव्हती, वर उचलली जात होती. सर्वांत वाईट काळात हा वेग महिन्याला एक सेंटिमीटरच्या आसपास होता. पुढच्या वर्षांत काही ठिकाणी जमीन अर्ध्या मीटरहून अधिक वर आली आणि अडीचशेहून अधिक इमारतींचे नुकसान झाले.

यात हीट पंप या यंत्राचा दोष नव्हता. अशी लाखो यंत्रे युरोपात, अमेरिकेत, कॅनडात वर्षानुवर्षे निमूटपणे चालू आहेत. घोटाळा झाला तो यंत्राच्या बाहेर, जमिनीच्या पोटात. आज शाळा, रुग्णालये, सरकारी कचेऱ्या आणि गृहसंकुले कोळसा, तेल आणि गॅस सोडून या तंत्राकडे वळत आहेत. अशा वेळी यंत्र कोणत्या कंपनीचे घ्यायचे यावर बरीच चर्चा होते. खरा मोठा निर्णय मात्र वेगळा असतो. पाइप आडवे पुरायचे की उभे सोडायचे? पाइपांतले पाणी बंद ठेवायचे की विहिरीचेच पाणी फिरवायचे? या प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात मिळत नाहीत. ती त्या जागेच्या मातीत, कातळात आणि भूजलात दडलेली असतात.

विहिरीचे पाणी थंडीत कोमट का लागते?

ज्यांनी कधी विहिरीवर आंघोळ केली आहे, त्यांना या तंत्राचे मूळ समजावून सांगावे लागत नाही. पौषातल्या पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते आणि वैशाखातल्या दुपारी तेच पाणी गार लागते. पाण्याचे तापमान जवळजवळ तेवढेच असते, बदलते ती बाहेरची हवा. जमिनीच्या वरच्या थरावर ऊन-थंडीचा परिणाम होतो. साधारण दहा मीटर खाली गेले, की तो जवळपास संपतो. तिथले तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास स्थिरावते. मध्य युरोपात ते १० अंश सेल्सिअसच्या आगेमागे असते, पुण्यात २५ अंशांच्या आसपास. त्याहून खाली दर शंभर मीटरला ते अंदाजे तीन अंशांनी वाढत जाते.

याचा वज्रेश्वरी किंवा उन्हवरे येथील गरम पाण्याच्या झऱ्यांशी संबंध नाही. तिथे खोलातून तापलेले पाणी भेगांवाटे वर येते, आणि अशी जागा निसर्गाने दिली तरच मिळते. इथे लागते ती साधी, कुठेही सापडणारी, न तापलेली जमीन. दहा अंशांच्या जमिनीतून घर वीस अंशांपर्यंत कसे तापवायचे, हे काम हीट पंप करतो. घरातल्या फ्रिजच्या मागे हात लावला तर गरम लागते. फ्रिजने आतल्या भाज्यांतली उष्णता ओढून मागे टाकलेली असते. हीट पंप तेच काम मोठ्या प्रमाणावर करतो. हिवाळ्यात तो जमिनीतली उष्णता ओढून घरात टाकतो. उन्हाळ्यात उलट फिरवला, की घरातली उष्णता जमिनीत टाकतो.

वीज खर्च होते ती उष्णता तयार करण्यासाठी नव्हे, इकडून तिकडे नेण्यासाठी. त्यामुळे एक युनिट विजेत घराला तीन ते चार, कधी त्याहूनही जास्त युनिट उष्णता मिळते. साध्या हीटरमध्ये एका युनिटला एकच मिळते. ही कल्पना जुनी आहे. उष्णता ‘पंप’ करता येईल असे लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्ये मांडले होते. जमीन हा उष्णतेचा स्रोत म्हणून वापरण्याचे पेटंट स्विस अभियंता हाइनरिश झोली यांनी १९१२ मध्ये घेतले. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात १९४८ मध्ये पूर्ण झालेली एक कार्यालयीन इमारत भूजलावर चालणाऱ्या हीट पंपासाठी आजही ओळखली जाते.

बंद लूप : आडवा, उभा आणि तळ्यातला

जमीन आणि यंत्र यांच्यामध्ये उष्णतेची ने-आण करणाऱ्या पाइपांच्या वेटोळ्याला लूप म्हणतात. त्याचे दोन मुख्य गट आहेत. बंद लूपमध्ये काळ्या, जाड प्लास्टिकच्या पाइपांतून तेच पाणी पुन्हापुन्हा फिरते. त्याचा माती किंवा भूजलाशी थेट संबंध येत नाही. खुल्या लूपमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे पाणी यंत्रापर्यंत आणले जाते, त्यातली थोडी उष्णता काढून घेतली जाते आणि ते परत सोडले जाते.

बंद लूपचा सर्वांत सोपा प्रकार आडवा. चार ते सहा फूट खोल चर खणायचे, त्यांत पाइप अंथरायचे आणि चर बुजवायचे. जागा वाचवण्यासाठी पाइपांची एकावर एक सरकलेली वेटोळीही टाकतात. बोअरचे यंत्र लागत नाही, साधा जेसीबी पुरतो, म्हणून हा प्रकार स्वस्त पडतो. त्याला जागा मात्र भरपूर लागते. शिवाय एवढ्या उथळ खोलीवर जमिनीची ऊब येते ती वरून, उन्हापावसातून. त्यामुळे लूप टाकलेल्या जागेवर पुढे खोली बांधता येत नाही, फरशी घालणे टाळावे लागते आणि खोल मुळांची झाडे लावता येत नाहीत. भोवती मोकळे रान असलेल्या नव्या घरासाठी हा प्रकार उत्तम. शहरातल्या जुन्या इमारतीसाठी तो जवळपास बादच होतो.

जागा कमी असेल तर पाइप उभे सोडतात. चार ते सहा इंच व्यासाची बोअर घ्यायची, तीत तळाशी यू आकारात वळलेला पाइप सोडायचा आणि भोवतीची पोकळी बेंटोनाइट माती व सिमेंटच्या लगद्याने तळापासून वरपर्यंत भरून काढायची. बोअर साधारण शंभर ते चारशे फूट, मोठ्या इमारतींसाठी त्याहून खोल जाते, आणि दोन बोअरमध्ये सुमारे वीस फुटांचे अंतर ठेवतात. उन्हाळा-हिवाळ्याचा फरक तिथे पोहोचत नाही, त्यामुळे यंत्र वर्षभर एकसारखे काम करते. वरची जागाही मोकळी राहते. अमेरिकेच्या न्यूजर्सी राज्यातील स्टॉकटन विद्यापीठाने १९९० च्या दशकात ४२५ फूट खोल अशा ४०० बोअर घेतल्या. त्यांच्यावर आज गाड्या उभ्या राहतात. या प्रकारात खर्चाचा मोठा वाटा ड्रिलिंगचा असतो, आणि धोक्याचाही.

इमारतीजवळ मोठे, खोल आणि बारमाही तळे असेल तर तिसरा पर्याय निघतो. पाइपांची वेटोळी पाण्याच्या पृष्ठभागापासून किमान आठ फूट खाली बुडवून ठेवायची, म्हणजे वरचे पाणी गोठले तरी लूप चालू राहतो. खोदकाम फार लागत नाही. मात्र उन्हाळ्यात आटणारे किंवा उथळ तळे इथे कामाचे नाही.

श्टाउफेनमध्ये काय झाले?

श्टाउफेनची निवड उभ्या लूपची होती. दाटीवाटीच्या जुन्या गावात आडवे पाइप टाकायला जागाच नव्हती. त्यामुळे कागदावर ही निवड योग्यच होती. गावाखाली मात्र ॲनहायड्राइट नावाच्या खनिजाचा थर होता. ॲनहायड्राइट म्हणजे पाणी नसलेला जिप्सम. पाणी मिळाले, की तो जिप्सम बनतो आणि त्याचे आकारमान सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. हा थर लक्षावधी वर्षे कोरडा होता. त्याखाली भूजल दाबाखाली कोंडलेले होते. बोअर या दोन्ही थरांतून आरपार गेल्या, खालच्या पाण्याला वर येण्याची वाट मिळाली आणि थर फुगू लागला.

महाराष्ट्रात काळ्या कपाशीच्या जमिनीवर घर बांधणाऱ्यांना फुगणाऱ्या जमिनीचा त्रास ठाऊक आहे. पावसाळ्यात ती माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे जातात. पण काळी माती वर दिसते, म्हणून पाया खोल घेता येतो. श्टाउफेनचा फुगणारा थर खोल जमिनीत होता आणि जिप्सम बनलेले खनिज पुन्हा आकसतही नाही. उपाय म्हणून त्या बोअर पुन्हा लगद्याने भरण्यात आल्या आणि वेगळ्या विहिरींतून भूजल सतत उपसून पाण्याची पातळी थराखाली ठेवण्यात आली. फुगण्याचा वेग बराच कमी झाला, पण त्याला वर्षे लागली. असाच प्रकार जर्मनीतल्या बोब्लिंगेन शहरात आणि सीमेपलीकडे फ्रान्समधील लोखविलर गावातही घडला. त्यानंतर बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने नियम कडक केले. जिथे असा थर असण्याची शक्यता आहे, तिथे तो लागताच ड्रिलिंग थांबवावे लागते.

अशा ठिकाणी कमी खोलीच्या जास्त बोअर घेणे किंवा उथळ आडवा लूप निवडणे हाच मार्ग उरतो. म्हणजे जागा उभ्या लूपची मागणी करते आणि कातळ त्याला नकार देतो. दोघांचे ऐकून निवड करावी लागते.

याच्या उलट उदाहरण स्वीडनचे. तिथे बऱ्याच भागांत मातीच्या पातळ थराखाली ग्रॅनाइटसारखा घट्ट, जुना कातळ आहे आणि भूजलाची पातळी वर आहे. त्यामुळे घराच्या अंगणात एक खोल बोअर घेऊन पाइप सोडणे ही तिथे नित्याची गोष्ट झाली आहे. अनेकदा तिथे बोअरची पोकळी लगद्याने भरतही नाहीत. ती आपोआप भूजलाने भरते आणि ते पाणीच कातळातली उष्णता पाइपाला देते. जर्मनीत जे आवश्यक, ते स्वीडनमध्ये गरजेचे नाही, आणि त्याचे कारण कायद्याइतकेच भूगर्भातही आहे.

खुला लूप : पाणी असेल तरच

खुल्या लूपमध्ये एका विहिरीतून पाणी उपसायचे, यंत्रातून फिरवायचे आणि दुसऱ्या विहिरीत सोडायचे. पाइपाची भिंत मधे येत नसल्याने उष्णता सहज मिळते. बोअर कमी लागतात, म्हणून सुरुवातीचा खर्चही अनेकदा कमी असतो. नेदरलँड्समध्ये वाळूचे जाड, पाण्याने भरलेले थर आहेत. तिथे अशा दोन हजारांहून अधिक योजना चालू आहेत. त्यांची रीत सुरेख आहे. उन्हाळ्यात थंड विहिरीतले पाणी उपसून इमारत गार करायची आणि कोमट झालेले पाणी दुसऱ्या विहिरीत साठवायचे. हिवाळ्यात तेच कोमट पाणी उपसून ऊब घ्यायची आणि गार झालेले पाणी पहिल्या विहिरीत परत. जमीन जणू उष्णतेचे कोठार बनते.

पण पाणी किती लागते, हे पाहायला हवे. दहा किलोवॉट उष्णता लागणाऱ्या एका मोठ्या घराला, पाणी चार अंशांनी गार करून परत सोडायचे ठरवले, तर तासाला सुमारे १,६०० लिटर पाणी फिरवावे लागते. यंत्र दिवसभर पूर्ण ताकदीने चालले, तर जवळपास चार टँकर. हे पाणी खर्च होत नाही, परत जमिनीत जाते, पण विहिरीने ते सलग द्यावे लागते आणि परतीच्या विहिरीने ते सलग मुरवावेही लागते. पाण्याची प्रतही महत्त्वाची. लोह जास्त असेल तर हवेशी संपर्क येताच गंज तयार होतो आणि परतीची विहीर तुंबते. पाणी जड असेल तर बादलीच्या तळाशी साचतात तसे पांढरे थर यंत्रात साचतात. म्हणून खुल्या लूपची निवड पाण्याची तपासणी केल्याशिवाय होऊ शकत नाही.

या दोन्हींच्या मधला एक प्रकार न्यूयॉर्कमध्ये पाहायला मिळतो. मॅनहॅटनमधील सेंट पॅट्रिक कॅथीड्रल हे १८७९ मध्ये खुले झालेले भव्य चर्च. चहूबाजूंनी रस्ते आणि उंच इमारती, मोकळी जागा नावापुरती. खाली मात्र शिस्ट नावाचा टणक कातळ. तिथे फक्त दहा विहिरी घेण्यात आल्या, पण त्यांतल्या काही सुमारे २,२०० फूट खोल आहेत. कातळाला आधाराच्या नळीची गरज नाही, म्हणून विहीर उघडीच ठेवली जाते. एकाच विहिरीतून पाणी उपसायचे आणि तिच्यातच परत सोडायचे, मधल्या प्रवासात कातळ त्याला पुन्हा मूळ तापमानाला आणतो. ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली. तिची थंडाव्याची क्षमता सुमारे २४० टन, म्हणजे दीड टनाच्या १६० एसींएवढी आहे. माती भुसभुशीत असती, तर एवढी खोल उघडी विहीर टिकलीच नसती.

घर तेच, जमीन वेगळी

जमिनीचा फरक आकड्यांत किती पडतो? वरचेच दहा किलोवॉटचे घर घेऊ. यंत्राला एक युनिट विजेत चार युनिट उष्णता मिळते असे धरले, तर अडीच किलोवॉट वीज पुरवते आणि साडेसात किलोवॉट जमिनीतून काढावे लागतात. जर्मनीतल्या अभियंत्यांच्या मार्गदर्शक आकड्यांनुसार, हंगामभर चालणाऱ्या यंत्राला ओलसर, साधारण कातळातून बोअरच्या दर मीटरला सुमारे ५० वॉट मिळतात. म्हणजे १५० मीटर बोअर पुरते. कोरड्या, सुट्या वाळूत दर मीटरला जेमतेम २० वॉट. तिथे त्याच घराला ३७५ मीटर बोअर लागते, अडीचपट.

आडव्या लूपमध्येही तसेच. पाण्याने भिजलेल्या मातीत दर चौरस मीटरला ३० वॉटच्या आसपास मिळतात, म्हणून सुमारे अडीच गुंठे जागा पुरते. कोरड्या वाळूत आठ ते दहा वॉट, म्हणजे साडेसात ते नऊ गुंठे लागतात. याचे कारण उष्णतेच्या वहनात आहे. कोरड्या वाळूच्या कणांमध्ये हवा असते, आणि हवा उष्णता अडवते. गोधडी ऊब धरते ती याच गुणामुळे. त्या पोकळ्यांत पाणी भरले, की तीच वाळू जवळपास सहापट उष्णता वाहून नेते. ग्रॅनाइट बेसॉल्टच्या दुपटीच्या आसपास वाहक आहे आणि क्वार्टझाइट त्याहूनही अधिक. शेजाऱ्याने किती खोल बोअर घेतली, यावरून आपला हिशेब करणे म्हणूनच फसवे ठरू शकते.

उष्णतेचा जमाखर्च

मोठ्या इमारतीत आणखी एक प्रश्न उभा राहतो. घराला थंड प्रदेशात मुख्यतः ऊब लागते. कार्यालयात मात्र संगणक, दिवे आणि माणसे मिळून इतकी उष्णता तयार करतात, की उन्हाळाच काय, इतर वेळीही थंडावा लागतो. मग जमिनीत वर्षाला जेवढी उष्णता टाकली जाते, तेवढी हिवाळ्यात काढली जात नाही. खातेवहीत जमा जास्त आणि खर्च कमी, अशी स्थिती वर्षानुवर्षे राहिली, की बोअरभोवतीची जमीन हळूहळू तापते. दहा वर्षांनी यंत्राला त्याच थंडाव्यासाठी जास्त वीज लागते. केवळ ऊब काढणाऱ्या इमारतीत उलट घडते, जमीन गार होत जाते.

वाहते भूजल असेल तर ते ही शिल्लक वाहून नेते. नसेल तर अभियंते बोअरमधले अंतर वाढवतात, किंवा उरलेली उष्णता हवेत सोडणारा शीतमनोरा जोडतात. अनेक इमारती एकाच जाळ्यात घेणे हा आणखी चांगला मार्ग. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील बॉल स्टेट विद्यापीठाने २००९ पासून ४०० ते ५०० फूट खोल अशा सुमारे ३,६०० बोअरचे जाळे उभारले. एका इमारतीत नको असलेली उष्णता दुसऱ्या इमारतीत गरम पाण्यासाठी वापरली जाते, उरलेली जमिनीत ठेवली जाते. विद्यापीठाचे जुने कोळशाचे बॉयलर त्यामुळे बंद झाले. कोळसा जळायचा थांबला, की धुरातले सूक्ष्म कण आणि गंधकाचे वायूही थांबतात. भोवतालच्या फुप्फुसांना होणारा हा फायदा वीजबिलात दिसत नाही.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न

आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी काळजी भूजलाची. खोल बोअर म्हणजे जमिनीला पाडलेले भोक. ती नीट बुजवली नाही, तर वरचे सांडपाणी, शेतातली खते किंवा उथळ थरातले दूषित पाणी पाइपाच्या कडेने थेट पिण्याच्या पाण्याच्या थरात उतरू शकते. बेंटोनाइट आणि सिमेंटचा लगदा एवढ्यासाठीच तळापासून वर भरायचा असतो. वरून ओतला, तर मध्ये पोकळ्या राहतात आणि त्या कोणाला दिसत नाहीत. जर्मनीत गावाला पाणी पुरवणाऱ्या विहिरींच्या अगदी जवळच्या संरक्षित पट्ट्यात अशा बोअरला परवानगी मिळत नाही.

पाइपातल्या पाण्यात काय मिसळले आहे, हेही विचारायला हवे. थंड प्रदेशात ते गोठू नये म्हणून त्यात गोठणरोधक द्रव घालतात. इथिलीन ग्लायकॉल आणि मिथेनॉल हे दोन्ही पोटात गेल्यास विषारी. प्रॉपिलीन ग्लायकॉल तुलनेने निर्धोक आहे आणि काही खाद्यपदार्थांतही वापरले जाते. स्वीडनमध्ये इथेनॉल मिसळण्याची पद्धत आहे. वितळवून जोडलेले पाइप सहसा फुटत नाहीत. तरी ज्या गावाचे पिण्याचे पाणी त्याच जमिनीतून येते, तिथे कमी विषारी द्रव निवडणे केव्हाही शहाणपणाचे. उष्ण प्रदेशात तर साधे पाणीही पुरते.

आधी एक चाचणी बोअर

हे सगळे कळावे कसे? पहिली पायरी भूगर्भीय नकाशे आणि आसपासच्या जुन्या बोअरच्या नोंदी. दुसरी, मोठ्या इमारतीसाठी एक चाचणी बोअर. कोणत्या खोलीवर काय लागले, पाणी कुठे आले, याची नोंद ठेवत ती घेतली जाते. मग तिच्यात पाइप सोडून ठरावीक प्रमाणात तापवलेले पाणी दोन-तीन दिवस सलग फिरवतात आणि पाण्याचे तापमान किती वेगाने वाढते ते मोजतात. तापमान लवकर चढले, तर जमीन उष्णता स्वीकारत नाही. सावकाश चढले, तर जमीन चांगली. ही कल्पना स्वीडनमध्ये १९८३ मध्ये मांडली गेली आणि १९९० च्या दशकापासून ती ट्रेलरवर नेता येणाऱ्या यंत्राने होऊ लागली. चाचणी बोअर वायाही जात नाही, पुढे तीच लूपचा भाग बनते. ‘अंदाजाने चार बोअर जास्त घेऊ’ असे म्हणण्यापेक्षा हा खर्च बहुधा कमी असतो. अंदाजाने चार बोअर कमी घेतल्या, तर होणारे नुकसान त्याहून मोठे असते.

दख्खनच्या कातळात काय?

महाराष्ट्रात हे तंत्र जसेच्या तसे आणता येईल का? इथली गरज उबेची नाही, थंडाव्याची आहे. नागपुरात मे महिन्यात हवा ४५ अंशांवर जाते, तेव्हा खोल जमीन २७ अंशांच्या आसपास असते. तापलेल्या हवेत उष्णता फेकण्यापेक्षा तिथे फेकणे यंत्राला सोपे जाते, हे खरे. पण थंडीत ती उष्णता परत काढणारे कोणी नसेल, तर जमाखर्चाचा प्रश्न इथे अधिक तीव्र होतो. शिवाय बेसॉल्ट उष्णतेचा मध्यम वाहक. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून पाइपापासून सुटते, म्हणून उथळ आडवा लूप तिथे बेभरवशाचा. आणि आपल्या कातळात पाणी असते ते सांध्यांत आणि भेगांत. शेजारच्या शेतात बोअरला पाणी लागते आणि आपल्याला फुफाटाच लागतो, हा अनुभव सर्वांना आहे. खुल्या लूपला लागणारे सलग, भरवशाचे पाणी इथे सगळीकडे गृहीत धरता येत नाही. भूजल आधीच खाली गेलेल्या तालुक्यांत तर तो विचारही नको.

याचा अर्थ दार पूर्ण बंद आहे असा नाही. रुग्णालय, वसतिगृह किंवा हॉटेल यांना थंडाव्यासोबत रोज भरपूर गरम पाणीही लागते. खोल्यांतून काढलेली उष्णता आधी गरम पाण्याला द्यायची आणि उरलेलीच जमिनीत टाकायची, अशी रचना केली तर हिशेब जुळू शकतो. देशात कडाक्याची थंडी असलेल्या हिमालयातील भागांत या तंत्राचे गणित तुलनेने सरळ आहे. आणि जर्मनी, कॅनडा, न्यूजर्सीत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न आज खराखुरा आहे.

अशा कुणापुढे तीन निविदा येतात, तेव्हा सर्वांत कमी रकमेकडे आधी नजर जाते. त्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. इथल्या जमिनीचा अहवाल कुणी, कधी केला? किती खोलीवर कोणता थर आहे, आणि त्यात फुगणारा किंवा दाबाखाली पाणी असलेला थर आहे का? पाण्याची तपासणी झाली का? वर्षभरात किती उष्णता टाकली आणि किती काढली जाणार, हे मांडले आहे का? बोअर तळापासून भरणार का, आणि तेव्हा देखरेख कुणाची? घराच्या आतले यंत्र वीस-पंचवीस वर्षांनी काढून नवे बसवता येते. जमिनीतला लूप पन्नास वर्षे आणि त्याहून अधिक टिकावा अशी अपेक्षा असते, आणि तो चुकला तर उकरून पुन्हा टाकणे जवळपास अशक्य असते. म्हणून निविदेतल्या यंत्राच्या पानाआधी जमिनीच्या अहवालाचे पान वाचावे. ते पानच नसेल, तर निविदा परत पाठवावी.